उशिरा आलेल्यांची बाजू

“एक्स-मेन वाचायचंय, कुठून सुरुवात करू?” मार्व्हल या अमेरिकी कंपनीच्या या सुपरहिरो टीमबद्दल कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात हा प्रश्न टाकून बघा. पाच मिनिटांत विचारणारा बाजूला राहतो आणि दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतात. पहिला पक्ष निष्ठावंतांचा. १९७५ पासून वाच, ते जमत नसेल तर निदान २०१९ पासूनचं सगळं संपव, आणि तोवर चालू अंकांबद्दल तोंड उघडू नकोस, असा त्यांचा खाक्या. दुसरा पक्ष सफाईवाल्यांचा. साठ वर्षांचं लटांबर नव्या वाचकाने का वागवावं, कंपनीने एकदाची पाटी पुसावी आणि एक नंबरपासून नव्याने मांडामांड करावी, असं ते म्हणतात. दोघांचा आवाज चढलेला असतो, पण एक गोष्ट दोघांनीही मुकाट मान्य केलेली असते: मागचं न वाचलेल्याला पुढचं कळणार नाही. मला नेमकं तेच मान्य नाही. सुपरहिरो टीमच्या कॉमिक्सचा मागचा साठा ही वाचकाच्या डोक्यावरची थकबाकी नव्हे. आत यायला वाट ठेवणं हे त्या त्या अंकाचं काम आहे. ते त्याने केलं नाही, तर खापर वाचकाच्या आळसावर फोडता येत नाही आणि इतिहासाच्या लांबीवरही नाही.

हा वाद सध्या पुन्हा पेटण्याला कारण आहे. २०१९ मध्ये जोनाथन हिकमन या लेखकाने एक्स-मेनचा सगळा संसारच हलवला. क्राकोआ नावाच्या बेटावर म्युटंटांचं, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्यांचं, स्वतंत्र राष्ट्र उभं राहिलं, मेलेले परत जिवंत होऊ लागले, जुने शत्रू एकाच मंत्रिमंडळात बसले. हा पाच वर्षांचा पसारा जून २०२४ मध्ये आवरला. शेवटच्या अंकाचा नंबर होता ३५, आणि जुन्या मोजणीने तोच अंक ७०० वा. पुढच्याच महिन्यात दुकानात ‘एक्स-मेन’ १ हजर! सोबत गेल सिमोनची ‘अनकॅनी’ मालिका लुईझियानात, ईव्ह यूइंगची ‘एक्सेप्शनल’ शिकागोत, आणि जेड मॅकेची मुख्य मालिका थेट अलास्कात. क्राकोआच्या काळात कधीतरी हात सोडलेला वाचक आता परत येऊ बघतो आणि मधले शेकडो अंक बघून दारातच थबकतो. आधी ते संपवू, मग इकडे येऊ, असं ठरवतो. ते संपत नाहीत. तोवर नवे पन्नास साठलेले असतात.

आता मॅकेचा तो पहिला अंक उघडून बघा. अलास्कातलं मर्ल नावाचं गाव, तिथला म्युटंट मारणारे सेंटिनल यंत्रमानव बनवणारा बंद पडलेला कारखाना, आणि त्यात येऊन राहिलेले एक्स-मेनचा म्होरक्या सायक्लॉप्स आणि मंडळी. त्यांचा एके काळचा शत्रू मॅग्नेटो खुर्चीत बसलेला. तो असा का, हे लगेच सांगितलेलं नाही. गावची पोलीसप्रमुख चौकशीला येते, कारण असल्या शेजाऱ्यांचं नक्की काय करायचं हे तिला ठरवायचं असतं. तिला जे ठाऊक नाही, ते नव्या वाचकालाही ठाऊक नाही. तिला जेवढं समजतं, तेवढं पुढच्या पानाला पुरेसं असतं. क्राकोआचा एकही अंक न वाचता हा अंक समजतो. वाचले असतील तर सायक्लॉप्सचा ताठपणा जरा जास्त बोचतो, इतकंच. म्हणजे वाट ठेवलेली आहे. ती न बघता आपण आधी पाच वर्षांची उजळणी करायला बसतो.

इतिहासाच्या लांबीमुळेच अडतं, असं असेल तर एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. १९८० साली अमेरिकेतल्या पोरांचं का अडलं नाही? तेव्हा ‘फँटास्टिक फोर’चे दोनशेहून अधिक अंक होऊन गेले होते, ‘ॲव्हेंजर्स’ जवळपास दोनशेवर होतं, एक्स-मेनने १३० ओलांडले होते. जुने अंक मिळवायचे तर रद्दीवाल्याकडे किंवा संग्राहकाकडे हात पसरायचे. ॲप नव्हतं, अनेक अंक एकत्र बांधलेले जाडजूड ऑम्निबस नव्हते. तरी पोरं औषधांच्या दुकानातल्या गोल फिरत्या स्टँडवरून हाताला येईल तो अंक उचलत आणि वाचत.

एक्स-मेनच्या जानेवारी १९८१ च्या १४१ व्या अंकाचं मुखपृष्ठ त्या काळची सगळी कारागिरी दाखवतं. विटांची भिंत, तिच्यावर एक भलंमोठं पत्रक, पत्रकावर ओळीने चेहरे. काही चेहऱ्यांवर ‘ठार’ असा शिक्का, काहींवर ‘पकडले’. भिंतीपुढे झोताच्या उजेडात सापडलेले दोघे: कानशिलं पिकलेला वुल्व्हरिन आणि त्याच्या आडोशाला एक प्रौढ बाई. त्या पत्रकावरचा एकही चेहरा ज्याला ओळखता येत नाही, त्यालाही कळतं की ही हरलेली बाजू आहे, हे उरलेले शेवटचे आहेत आणि आता यांची पाळी आहे. किंमत ५० सेंट. मागे १४० अंकांचा डोंगर असलेल्या मालिकेचं हे मुखपृष्ठ आहे, आणि डोंगराचं ओझं वाचकाच्या पाठीवर कणभरही नाही.

हे आपोआप होत नव्हतं. तेव्हा कॉमिक्स पेपरवाल्यांच्या वाटेने विकली जात, न खपलेली परत जात, आणि पुढच्या महिन्यात तोच अंक त्याच दुकानात येईल याची काही शाश्वती नसे. वाचकाचा अंक चुकणार, हे धरूनच लिहावं लागे. ख्रिस क्लेअरमाँटने १९७५ ते १९९१ एक्स-मेन लिहिलं, आणि त्याच्या ज्या सवयीची आज सर्रास टिंगल होते ती इथली आहे. कोलोससचं अंग पोलादाचं होतं, हे दर अंकात कुणीतरी बोलून दाखवणार. सायक्लॉप्सच्या डोळ्यांवरची ती लाल काच कशासाठी आहे, तेही येणार. नाईटक्रॉलर गायब झाला की गंधकाच्या वासाचा उल्लेख ठरलेला. सलग दहा अंक वाचणाऱ्याला याचा कंटाळा येतो, मलाही येतो. पण ते सलग वाचण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. मधूनच आलेल्याला पाट मांडून देण्याची ती रीत होती.

सत्तरच्या दशकात फिल स्यूलिंग या विक्रेत्याने प्रकाशकांशी वेगळा सौदा केला. खास कॉमिक्सच्या दुकानांना जास्त सवलत मिळेल, बदल्यात न खपलेला माल परत घेतला जाणार नाही. या सौद्याने धंदा तरला, हे खरंच. पण वाचकही बदलला. दर आठवड्याला ठरल्या दिवशी येणारा, यादी देऊन अंक बाजूला ठेवायला सांगणारा गिऱ्हाईक मिळाला, आणि त्याला दरवेळी कोलोससचं पोलाद सांगायची गरज उरली नाही. पुढे सहा-सहा अंकांचं पुस्तक निघणार हे धरून कथा पसरू लागल्या. चौथा अंक एकटा उभाच राहू शकत नाही अशी बांधणी होऊ लागली. आत यायची वाट बुजली ती अशी, धंद्याच्या रीतीने. इतिहास तेव्हाही लांब होता आणि आताही आहे.

निष्ठावंतांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकात टीममधली जीन ग्रे मरते. ती आधीची कित्येक वर्षं सोबत असलेल्या वाचकाला तो मृत्यू जसा लागला असेल, तसा मुखपृष्ठ बघून अंक उचललेल्याला लागणार नाही. साचलेल्या काळाचं वजन असतं, आणि टीमच्या कॉमिक्समध्ये तर ते जास्तच असतं, कारण तिथे एका माणसाची नव्हे, चार-सहा जणांची आपसांतली नाती मुरत जातात. पण ‘मागचं सगळं माहीत असलेला वाचक’ म्हणजे नक्की कोण? मॅग्नेटो १९६३ च्या पहिल्या अंकात आला तेव्हा तो निव्वळ आरडाओरडा करणारा खलनायक होता. आऊश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेलं पोर, हे त्याचं बालपण त्याला १९८१ च्या १५० व्या अंकात मिळालं. अठरा वर्षं इमानेइतबारे वाचणाऱ्यांना जे माहीत नव्हतं, ते त्या दिवशी नवा अंक उचलणाऱ्याला त्यांच्याबरोबरच कळलं.

याहून मोठा दाखला २०१९ चा. मोयरा मॅक्टॅगर्ट १९७५ मध्ये ९६ व्या अंकात एक्स-मेनचा संस्थापक झेवियर याच्या वाड्यावरची घरकाम पाहणारी बाई म्हणून आली, मग शास्त्रज्ञ झाली. चाळीसहून अधिक वर्षं सगळ्यांनी तिला साधी माणूस मानलं. ‘हाऊस ऑफ एक्स’च्या दुसऱ्या अंकात हिकमनने सांगितलं की ती म्युटंट आहे, मेली की पुन्हा पहिल्यापासून जन्म घेते, आधीचे जन्म आठवत असतात, आणि आपण वाचत आलो तो तिचा दहावा जन्म. म्हणजे शेकडो अंक पाठ असलेले आणि काल आलेले, दोघेही त्या पानावर सारखेच अडाणी ठरले. या कथांमध्ये भूतकाळही चालू अंकातच लिहिला जातो. तो आधी संपवून मग पुढे यायचं, हा हिशेब जमणार कसा? डग्लस वोल्क या अमेरिकी समीक्षकाने मार्व्हलचे सत्तावीस हजारांहून जास्त अंक खरोखर वाचून काढले. माझ्यासारखं करू नका, वाटेल तिथून वाचा, असंच तो इतरांना सांगतो. निष्ठावंतांनी त्याचं तरी ऐकावं.

सफाईवाल्यांची बाजू वरवर जास्त पटणारी आहे, कारण तिच्यामागे खपाचे आकडे उभे राहतात. २०११ मध्ये मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी डीसी कंपनीने सगळं पुसून एका महिन्यात ५२ मालिका एक नंबरपासून काढल्या, तेव्हा दुकानांत गर्दी झाली. २०२४ मध्ये मार्व्हलच्या नव्या ‘अल्टिमेट’ विश्वाने आणि डीसीच्या ‘ॲब्सोल्यूट’ मालिकांनी पुन्हा तेच करून दाखवलं. कोऱ्या पाटीचं आकर्षण खोटं नाही. पण पाटी कोरी राहते किती दिवस? डीसीने १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस’च्या बारा अंकांत अनेक विश्वांचा गुंता सोडवून एकच विश्व ठेवलं, आणि लगेच नवे गुंते झाले. टीन टायटन्स या टीममधली डॉना ट्रॉय ही वंडर वुमनशी बांधलेली; नव्या इतिहासात वंडर वुमनच उशिरा अवतरली, तर डॉना आली कुठून? तिचं मूळ परत परत सांगावं लागलं आणि दर खेपेला ते जास्तच अवघड झालं. ती दुरुस्ती दुरुस्त करायला १९९४, तिचीही डागडुजी २००५-०६, मग २०११, मग २०१६. त्या ५२ मालिकांत तर सगळे नायक जेमतेम पाच वर्षांचे अनुभवी, आणि बॅटमनचे मात्र तेवढ्यात चार रॉबिन होऊन गेलेले, त्यातला एक त्याचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा! नव्या वाचकाची सोय म्हणून केलेल्या कामाचा हा हिशेब जुन्या वाचकालाही लागला नाही.

अशा पाटी पुसण्याने, म्हणजे रीबूटने, टीमचं काय होतं, हे बघायचं तर लीजन ऑफ सुपर-हीरोजकडे बघावं. १९५८ मध्ये आलेली ही तिसाव्या शतकातल्या पोरांची टोळी. तिचा नेता कोण, हे वाचक पत्रं पाठवून मतदानाने ठरवत, इतकी ती वाचकांची होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डीसीच्या जोरात चालणाऱ्या मालिकांत तिचं नाव होतं. मग सोपं करण्याच्या नावाखाली ती १९९४ मध्ये पहिल्यापासून सुरू झाली, २००४ मध्ये पुन्हा, २०१९ मध्ये पुन्हा. शेवटची मालिका बारा अंकांत आटोपली. रीबूटमुळेच लीजन घसरली असं कोर्टात सिद्ध करता येणार नाही. वाचकवर्गच आटत होता. पण रीबूटने ती सावरली नाही, हे डोळ्यांना दिसतं. आणि मतदान करणाऱ्यांनी कुणाला निवडलं होतं? त्या पात्रांच्या नावांचे दुसरेच कुणी त्यांच्या जागी येऊन बसले. दरवेळी घर पाडून नवं बांधलं की पाहुण्यांची सोय होत असेल, पण राहणारे परतत नाहीत, आणि पाहुणेही दुसऱ्या चहाला थांबत नाहीत.

सफाईवाल्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा जपानचा आहे, आणि तो टाळता येत नाही. मांगा, म्हणजे तिथली कॉमिक्स, खपतात कारण कुठून सुरू करायचं हे शेंबड्या पोरालाही समजतं: खंड पहिला. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे, शंभराहून अधिक खंड झाले, तरी कुणी घाबरत नाही. मला हा मुद्दा पूर्ण मान्य आहे. फक्त तो सफाईवाल्यांच्या उलट जातो. ‘वन पीस’ची पाटी एकदाही पुसलेली नाही. शंभर खंड चालतात, कारण आकडा एकच आहे आणि तो सरळ वाढत जातो. उलट ‘एक्स-मेन’ या एका नावाने २०१९, २०२१ आणि २०२४ अशा पाच वर्षांत तीन वेळा पहिला अंक निघाला. दुकानात जाऊन “एक्स-मेन एक द्या” म्हटलं तर दुकानदाराने कुठला द्यावा? १९९१ चा आणखी एक आहेच, ज्याच्या पाच मुखपृष्ठांमुळे ऐंशी लाखांवर प्रती उठल्या. वाट दाखवण्यासाठी म्हणून लावलेली पाटीच वाट चुकवते.

खरा अडथळा कुठे आहे, ते २०२५ च्या मार्चमध्ये दिसलं. ‘एक्स-मॅनहंट’ नावाची कथा आठ भागांत, आठ वेगवेगळ्या अंकांत पसरली होती. फक्त ‘अनकॅनी’ घेणाऱ्याला पहिला भाग मिळाला. पुढचं हवं तर ज्या मालिका त्याने कधी उघडल्याही नव्हत्या त्या घ्या. एका अंकाचे चार-पाच डॉलर धरले तर महिन्याला तीस डॉलरच्या वर, एका गोष्टीसाठी. त्यातल्या काही मालिका त्यानंतर लवकरच दहाव्या अंकापाशी बंद झाल्या. मग ऑक्टोबरपासून ‘एज ऑफ रेव्हलेशन’, सगळ्या मालिका नावं बदलून दहा वर्षं पुढच्या भविष्यात. १९९५ मध्ये ‘एज ऑफ अपोकॅलिप्स’ने चार महिने हेच केलं होतं. तो प्रयोग तेव्हा धाडसी होता, हे मी मानतो. पण जेमतेम सव्वा वर्षापूर्वी अलास्कातल्या कारखान्यात वाचकाला पाट मांडून बसवलं, आणि तो जेवायला लागतो न लागतो तोच पंगत उठवली, याला धाडस म्हणत नाहीत. अडचण इतिहासाच्या लांबीची असती, तर ती लांबीत दिसली असती. ती रुंदीत दिसते. एकाच महिन्यात आडवं किती वाचावं लागतं, यावर माणूस सोडून जातो. १९६३ मध्ये काय झालं, याची त्याला फिकीर नसते.

मराठी वाचकाला तर मधूनच आत शिरण्याची ही रीत नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वातच सांगितलंय की कुणी तो ग्रंथ मनूपासून शिकतात, कुणी आस्तिकाच्या कथेपासून, तर कुणी उपरिचर राजापासून. ग्रंथ स्वतःच तीन दारं दाखवतो आणि पहिलं दारच खरं असा आग्रह धरत नाही. कीर्तनकार द्रौपदीचं आख्यान लावतो तेव्हा शांतनूपासून सुरुवात करत नाही, पण ज्याला शांतनू माहीत आहे त्याला ते जास्त भिडतं. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघाली आणि मराठीत वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, घरोघर गेला. ली फॉकच्या त्या नायकामागे चारशे वर्षांची, एकवीस पिढ्यांची परंपरा. आणि मूळ कथांच्या सुरुवातीला, उशिरा आलेल्यांसाठी म्हणून, कवटीवरच्या शपथेपासूनचा सगळा पूर्वेतिहास दोन-तीन चौकटींत उरकलेला. शाळकरी मुलांनी ते अंक लायब्ररीत मिळतील त्या क्रमाने वाचले. एकविसाव्या वेताळाच्या आधीचे वीस कोण होते, हे विचारल्याशिवाय कुणाचं अडलं नाही. ज्यांना कुतूहल होतं, त्यांनी शोधून काढलं.

ते कुतूहल मला मोडायचं नाहीये. मार्क ग्रुएनवाल्ड हा मार्व्हलचा संपादक इतिहासाचा इतका वेडा की नोकरी लागण्याआधीच या विश्वांच्या सुसंगतीवर तो स्वतःचं नियतकालिक काढायचा. १९९६ मध्ये तो गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा त्याच्याच एका टीम-कथेच्या पुस्तकाच्या शाईत मिसळली गेली. असल्या माणसांनी हे विश्व सांभाळलं. पण तिथे इतिहासाचं पाठांतर ही आत येण्याची परीक्षा नव्हती. स्टॅन लीच्या काळात कथेतली चूक पकडून, ती चूक कशी नाहीच हे पटवून देणाऱ्या वाचकाला मार्व्हल ‘नो-प्राइझ’ पाठवत असे: वर अभिनंदनाचा मजकूर, आत काहीही नसलेलं रिकामं पाकीट. इतिहास हा तेव्हा खेळ होता आणि खेळायचं की नाही ते वाचकाने ठरवायचं.

तेव्हा पुन्हा कुणी कुठून सुरू करू म्हणून विचारलं, तर उत्तर सोपं आहे: या महिन्याचा अंक घे. आवडला तर पुढचा घे. कुणाचा तरी चेहरा मनात राहिला तर त्याचे जुने अंक शोध. मार्व्हलच्या ॲपवर तीस हजारांहून जास्त पडून आहेत, नवा अंकही दुकानात आल्यावर तीनेक महिन्यांत तिथे येतो. आणि वीस पानं नीट वाचूनही कोण कुणाचं आणि भांडण कशाचं हे कळलं नाही, तर तो अंक खाली ठेव आणि दुसरी मालिका बघ. मागचं वाचलं असतं तर कळलं असतं, असं निष्ठावंत म्हणतील. असेलही. पण त्या वीस पानांचे पैसे लेखकाने, संपादकाने आणि कंपनीने घेतलेत, वाचकाने नाही.